तुम्ही जुळवून घेतलंत, हे काही बरं केलं नाहीत

श्री. नोएलराव व श्री. लियामराव गॅलाघर यांस,
मुक्काम पोस्ट मँचेस्टर

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही दोघं भाऊ एकत्र आलात आणि इकडे साताऱ्यात माझी पंचाईत झाली. 27 ऑगस्ट 2024 रोजी तुम्ही तुमचा ‘ओएसिस’ बँड पुन्हा उभा राहणार असल्याचं जाहीर केलंत. त्या संध्याकाळी बायकोनं चहाचा कप गरजेपेक्षा जरा जोरात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “बघा. त्यांचंसुद्धा जुळलं.” एवढंच. पुढचं तिनं बोलायची गरजच नव्हती. माझा थोरला भाऊ तेव्हा अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, म्हणजे मीही त्याच्याशी बोलत नव्हतो. नातेवाईक समजूत घालायला आले की माझ्याकडे एकच बिनतोड उत्तर असायचं: “गॅलाघर बंधूंचं बघा की. एवढा पैसा, एवढं नाव, तरी बोलतात का?” नातेवाइकांना गॅलाघर बंधू कोण ते माहीत नसायचं, त्यामुळे ते गप्प बसत. ती सोय तुम्ही काढून घेतलीत. तीही तुमच्या भांडणाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला फक्त एक दिवस उरला असताना. एक दिवस कळ काढवली नाही?

आता तुम्ही म्हणाल, भाऊबंदकीतलं या माणसाला काय कळतं. साहेब, भाऊबंदकी हा आमचा घरचा विषय आहे. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या चुलत भावांच्या. 1707 पासून पेटलेलं ते प्रकरण 1731 मध्ये वारणेच्या तहानं मिटलं. चोवीस वर्षं! तुमची पंधरा त्यात कुठे बसतात? शिवाय त्या तहात वारणा नदी ही हद्द ठरली, सगळं कागदावर आलं. तुमची हद्द कुठली ठरली, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. खाडिलकरांनी तर 1909 साली पेशव्यांच्या घरातल्या प्रकारावर अख्खं नाटक लिहिलं आणि नावही सरळ ‘भाऊबंदकी’ असं ठेवलं.

पण एक मान्य करतो. मुदतीत आम्ही पुढे असलो तरी भांडणाची करामत तुमचीच. 1995 मध्ये वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना नोएलरावांनी धाकट्याला क्रिकेटच्या बॅटनं बदडलं, असं सांगतात. बॅट म्हटल्यावर आम्हाला तुमच्याबद्दल आपुलकी वाटली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ‘एमटीव्ही अनप्लग्ड’च्या वेळी लियामरावांचा ऐन वेळी घसा बसला. मग थोरल्यानं एकट्यानं सगळी गाणी म्हटली आणि घसा बसलेला धाकटा वर सज्जात पेला घेऊन बसून तिथून शेरे मारत होता. अहाहा! आणि 28 ऑगस्ट 2009 ला पॅरिसमध्ये कार्यक्रमाच्या आधीच जुंपली, गिटार फुटली, बँड संपला. आमचं भांडण म्हणजे काय, तर विहिरीकडच्या अडीच गुंठ्यांवरून तलाठ्याकडे एक अर्ज आणि दिवाळीला फराळाचा डबा न उघडता परत. गिटार फोडायची म्हटली तर घरात गिटार नको का?

होता तो खराटा. त्याची हकीकत सांगतो, म्हणजे या पत्रामागचं दुःख कळेल.

तुमची ‘मॉर्निंग ग्लोरी’ची कॅसेट दादानं पुण्याहून आणली. तो तिथे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, मी इथे बारावी उरकून सायन्सला. किंमत सव्वाशे रुपये. पंचाहत्तर त्याचे, पन्नास माझे. चॅनल व्हीवर तुम्हाला पाहिलेलंच होतं. दुपारी आई झोपली की माडीवर टेपरेकॉर्डर लागायचा. दादा कपड्यांच्या दोरीला कंगवा उलटा टांगायचा, हात पाठीमागे बांधायचा, हनुवटी वर करून त्या कंगव्याकडे तोंड न्यायचा आणि डोळे बारीक करून गायचा. तस्सा लियाम! शब्द निम्मे चुकीचे, पण आव बरोबर. मी खराटा आडवा धरून नोएल. आता तुम्हीच सांगा, धाकटा मी. हिशेबानं लियाम मी व्हायला हवं होतं. पण उंची आणि आवाज त्याचा, म्हणून मुख्य गायक तो, आणि माझ्या वाट्याला खराटा. घरातली पहिली वाटणी ती, आणि तीसुद्धा अन्यायाचीच. आजी खालून ओरडायची, “अरे, कुणाची वरात निघालीय?” तिला बँड म्हणजे लग्नातला एवढंच ठाऊक. तीन तासांचं भाडं घेऊन, झगमगीत गणवेश घालून, न भांडता वाजवतो तो. त्या बँडबद्दल तिला आदर होता.

फीत ‘अ’ बाजूच्या तिसऱ्या गाण्यात गुंतायची. ‘वंडरवॉल’. मग दादा षट्कोनी पेन्सिल दातेरी भोकात घालून ती हळूहळू मागे गुंडाळायचा आणि मी फुंकर मारायचो. फुंकरीचा काही उपयोग नसतो हे आता कळतं.

त्या ‘वंडरवॉल’चाही विषय निघाला आहे, तर एक व्यवहाराचं बोलतो. गाण्याचं नाव तुम्ही जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’वरून उचललंत. त्या तबकडीतला बराच भाग हॅरिसननं जानेवारी 1968 मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केला होता. शिवकुमार शर्मांचा संतूर आहे त्यात. म्हणजे तुमच्या सर्वांत चालत्या गाण्याचं नाव मूळ आमच्या हद्दीतून गेलेलं आहे. हिस्सा मागत नाही. मोजणी मात्र व्हायला हवी.

आणि जुळल्यावरच्या दौऱ्यात तुम्ही काय केलंत? टोकियोपर्यंत आलात, सोलजवळ गाऊन गेलात, मुंबईला फिरकला नाहीत. आला असतात तरी तिकीट परवडलं असतं असं नाही. तुमच्याकडे उभ्याचं तिकीट 148 पौंडांचं, आणि माणूस तासन् तास रांगेत राहून खिडकीशी पोचेपर्यंत 355 पौंड. उभ्याचं, हो! आमच्या एसटीत उभं राहिलं तर निदान भाडं वाढत नाही. मागणी पाहून दर चढवायची ही युक्ती गणपतीत कोकणात जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना फार आधीपासून अवगत आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तुमच्या खुलाशाचं: दर ठरवणं व्यवस्थापकांकडे, अशी दरवाढ होणार हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. हे वाक्य आमच्याकडे वाटणीपत्रावर सही झाल्यावर वापरतात.

इतरांनी हे जास्त चोख केलं. ‘ईगल्स’वाल्यांनी नरक गोठेल तेव्हाच एकत्र येऊ, असं म्हटलं होतं. 1994 मध्ये आले आणि दौऱ्याला नावच ‘नरक गोठला’ असं दिलं. ‘ॲबा’ची मंडळी त्याहून शहाणी. स्वतः घरी बसली आणि 2022 पासून लंडनमध्ये संगणकानं बनवलेल्या आपल्या तरुण आकृत्या नाचायला पाठवल्या. तुम्ही मात्र खऱ्या गुडघ्यांनिशी आलात.

4 जुलै 2025 ची कार्डिफची चित्रफीत मी मध्यरात्री, आवाज बंद करून, पांघरुणात पाहिली. तुम्ही हातात हात घालून आलात आणि ते हात वर उचललेत. मग आवाज थोडा चालू केला. तक्रार अशी, की चांगलं गायलात. फार चांगलं. लियामरावांचे हात मागे, हनुवटी वर. समोर माझ्या वयाची टकलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि त्यांच्या शेजारी तुमचा बँड फुटला तेव्हा जन्मलेलीसुद्धा नसतील अशी पोरं ओठांनी एकेक शब्द बरोबर म्हणत होती. सकाळी मुलगी दात घासताना त्यातलंच गाणं गुणगुणत होती. मी विचारलं, हे तुला कुठून माहीत? म्हणाली, “बाबा, सगळ्यांनाच माहितीये.” सगळ्यांना! मग ते सव्वाशे रुपये, तो कंगवा, ती पेन्सिल कशाला?

तेव्हा विनंती एवढीच, की पुन्हा थोडं भांडून घ्या. गिटार फोडू नका, महाग पडते. एखादी मुलाखत, एखादा टोमणा, एखादा फराळाचा डबा परत. माझ्यापुरतं एवढं पुरेल. बायकोला दाखवायला कात्रण हवं.

मातोश्रींना नमस्कार.

आपला,
एक खराटेवाला

ता. क. वाटणीत कॅसेट माझ्याकडे आली आणि तिचं रिकामं खोकं आणि टेपरेकॉर्डर दादाकडे गेला. हे मुद्दाम झालं की चुकून, ते आता आठवत नाही. परवा त्याच्या नंबरावरून कार्डिफची तीच चित्रफीत आली, खाली एक अक्षर नाही. मीही काही लिहिलं नाही, पण निळ्या खुणा उमटल्या असणार, त्याला इलाज नाही. तुमचं लग्नकार्याच्या निमित्तानं इकडे येणं झालंच, तर तो टेपरेकॉर्डर अजून चालतो का, एवढं त्याला विचारून घ्या. माझं नाव सांगू नका.