आवृत्ती पहिली

अण्णा घरी आले की चहा नंतर, पाणी नंतर. चपला काढतानाच त्यांची नजर पुस्तकांच्या कपाटावर गेलेली असते. आपण ‘बसा’ म्हणेपर्यंत एक पुस्तक त्यांच्या हातात येतं आणि आतलं पान उघडलंही जातं. लेखक कोण, विषय काय, याच्याशी त्यांना तूर्त कर्तव्य नसतं. ‘‘चौथी,’’ असं म्हणून ते पुस्तक जागेवर ठेवतात. दुसरं काढतात. ‘‘पुनर्मुद्रण.’’ हे सांगताना त्यांच्या आवाजात सांत्वन असतं.

चुकून पहिली आवृत्ती निघालीच, तर चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. पावसाची चौकशी, कापसाचा भाव, मुलाची नोकरी. मग उठता उठता, ‘‘हे लई जुनं झालंय की. अक्षर पण बारीक. तुम्हाला नवी कोरी आवृत्ती आणून देतो, हे असू द्या माझ्याकडं.’’ हे वाक्य ऐकलं की परभणीतले जाणते लोक कपाटाला कुलूप लावतात.

अण्णा कृषी विद्यापीठात हिशेबाच्या टेबलावर होते. तिथली शिस्त त्यांनी इकडे आणली. साल छापलेलं पानच फाटलेलं असलं, तरी ते पुस्तकाचं वय काढतात. किंमत रुपये-आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी एप्रिलात नवे पैसे आले. प्रकाशकाच्या पत्त्यात नुसतंच ‘पुणे २’ असेल, तर १९७२ च्या आधीचं. सहा आकडी पिन त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला सुरू झाला. आणि जागोजाग अनुस्वार दिसले की अण्णा खुर्चीत सावरून बसतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते घालवले, याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘कांहीं कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला, ही हकिगत ते अशी सांगतात की तो त्या दोन अनुस्वारांवरच चालला होता असं ऐकणाऱ्याला वाटावं. ते पुस्तक अर्थात त्यांच्याकडे नाही. मुखपृष्ठाची झेरॉक्स आहे, तीही लॅमिनेट केलेली.

आहेत ती पुस्तकं वाचायची सोय नाही. १९६३ सालचा देशमुख आणि कंपनीचा ‘कोसला’ लोखंडी कपाटात, वेखंड आणि कडुलिंबाच्या पाल्यात, प्लास्टिकच्या पिशवीत झोपलेला असतो. वाचायला पॉप्युलरची वेगळी प्रत. ‘‘ही उघडली की पाठ मोडते,’’ अण्णा म्हणतात. काकूंची पाठ त्याच कपाटापायी दुखते, कारण दर दिवाळीला ते सरकवून मागची वाळवी बघायची असते. ‘‘त्याच्यात सोनं ठेवलं असतं तर पोरीच्या लग्नात कामाला तरी आलं असतं,’’ हे काकूंचं म्हणणं. नवीन पिशवी दिसली की त्या दारातच विचारतात, ‘‘आता कशाला आणायलाव आणखी?’’ अण्णा पिशवीतून आधी मेथीची जुडी काढतात. पुस्तक जुडीच्या खाली असतं.

ग्रंथालयांवर त्यांचा फार राग. मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांचं चित्र असायचं, ते फाडून रेक्झिनची बांधणी करणाऱ्या माणसाला काय शिक्षा द्यावी, याचे निरनिराळे बेत त्यांनी आखलेले आहेत. शिवाय पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का आणि मधे कुठेतरी गुप्त शिक्का. लग्नाला स्थळं बघावीत तशी ते बाद पुस्तकं बघतात: डाग कुठे, किती, झाकता येतील का.

सह्यांचं प्रकरण वेगळं. १९९५ साली परभणीला साहित्य संमेलन झालं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. सगळं गाव परिसंवाद आणि जेवणाच्या कूपनांमागे धावत असताना अण्णा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ची १९६२ ची प्रत छातीशी धरून मंडपाच्या मागच्या दाराशी उभे होते. सही मिळाली. आपला पेन ते आपणच नेतात, निळ्या-काळ्या शाईचा. लेखकांच्या बॉलपेनावर त्यांचा भरवसा नाही. सही झाली की पान मिटू देत नाहीत, फुंकर घालत उभे राहतात. एका लेखकाने प्रेमाने ‘आपलं नाव?’ विचारलं, तर म्हणाले, ‘‘नाव नको. तारीख तेवढी टाका.’’ लेखक दुखावला. बरोबरच आहे, पण नावाने घोटाळा होतो, हे अण्णा रद्दीत शिकले आहेत. ‘आदरणीय अमुक यांना सप्रेम भेट’ लिहिलेली पुस्तकं तिथे किलोवर मिळतात, पुष्कळदा पानंही न कापलेली.

या सगळ्यात एक दुखरी जागा आहे: बी. रघुनाथ. १९१३ मध्ये सातोन्याला जन्मलेला, परभणीत राहिलेला आणि १९५३ मध्ये चाळिशीतच गेलेला आपला माणूस. त्यांच्या नावाचं सभागृह गावात आहे. ‘ओ’ कादंबरीची पहिली आवृत्ती अण्णांनी पाहिलेली नाही. सही केलेली प्रत तर स्वप्नातच. पण बी. रघुनाथ निजामी राजवटीत बांधकाम खात्यात कारकून होते, हे अण्णांना एकदा अर्ध्या रात्री आठवलं आणि ते उठूनच बसले. कारकुनाची सही कवितेच्या पुस्तकावर नसेना का, मुरमाच्या बिलावर असणारच! तेव्हापासून जुनं कागदपत्र कुठेही निघालं की अण्णा हजर. निजामाचं दफ्तर उर्दूत, म्हणून साठीनंतर ते अलिफ-बे गिरवायला बसले. आता पुलाच्या जुन्या अंदाजपत्रकातला ‘चुना’ आणि ‘विटा’ त्यांना वाचता येतात. सही अजून सापडलेली नाही, पण खडी किती लागली हे ते सांगू शकतात.

हैदराबादला रविवारी दुकानं बंद असली की अबिड्सच्या फुटपाथवर पुस्तकं मांडतात. तिथे जुन्या मराठी घरांतले गठ्ठे कधीमधी येतात, म्हणून अण्णांची एक चक्कर ठरलेली. परभणीत मात्र त्यांचा खरा आधार नानलपेठेतला रद्दीवाला. इतकी वर्षं अण्णा त्याच्या ढिगाऱ्यात बसून आतलं पान उघडायचे, किंमत बघायचे, अनुस्वार मोजायचे आणि ‘‘काही नाही, जुनंच आहे’’ म्हणत वीस रुपयांत पुस्तक उचलायचे. तो तराजू पुसत बघत असायचा.

परवा अण्णांनी एक मळकं पुस्तक काढलं आणि सवयीने तोंड वाकडं केलं. रद्दीवाल्याने ते हळूच त्यांच्या हातून घेतलं, आतलं पान उघडलं, किमतीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘अण्णा, ये आनेवाला है, पैशेवाला नै. ये किलोपे नै मिलता.’’