आज रात्री साडेबारानंतर

आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, पृथ्वीजवळून कॉस्मिक किरणं जाणार आहेत, नासा आणि बीबीसीने सांगितलंय. या मेसेजात तारीख नसते, 'आज' असतं, म्हणून तो कधी शिळा होत नाही. जळगावच्या फॅमिली ग्रुपवर मामा, मावशी, साडू सगळे तो इमानेइतबारे पुढे ढकलतात आणि फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपतात.

11 मार्च 2016 ला मात्र ग्रुप शांत होता. त्या सकाळी गुजरातेत व्याऱ्याजवळच्या काकरापारला पहिल्या अणुभट्टीत जड पाणी गळालं आणि भट्टी आपोआप बंद पडली. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेला त्याच दिवशी बरोबर पाच वर्षं होत होती. काकरापार धुळ्याहून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, नवापूरहून तर पन्नासच्याही आत. हतनूर धरणावरून गेलेली आपली तापीच पुढे उकाई धरण ओलांडून त्या भट्ट्या थंड करते. पाणी इकडून तिकडे जातं. पावसाळ्यात वारा मात्र तिकडून इकडे येतो. अणुऊर्जा महामंडळाने सांगितलं, आत-बाहेर किरणोत्सर्ग नॉर्मल. मान्य. फक्त ही सगळं नॉर्मल असलेली भट्टी 2019 पर्यंत बंद होती. शेजारची दुसरी तर आदल्या वर्षीच गळतीने बसलेली. तपासात नळ्यांवर बाहेरून गंजाचे ठिपके निघाले.

यावर धुळ्यात किंवा जळगावात मोर्चा निघाल्याचं काही मला आठवत नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पाबद्दल आमची मतं पक्की आहेत, ते इथून पाचशे किलोमीटर. आणि काकरापार? "आपले काय करनं शे भो, ते गुजरातनं शे."

बरं, किरणोत्सर्ग समजावायला शास्त्रज्ञ जगभर जे माप सांगतात, ते आहे केळ! पोटॅशियम-40 मुळे एका केळ्यामागे सुमारे 0.1 मायक्रोसिव्हर्ट. जादाचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं, तेव्हा खुशाल खा. पण रावेर-यावलचा माणूस मोबाइल टॉवरच्या किरणांविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज देतो, तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरमध्ये काय भरलंय हे त्याला कोणी सांगू नये. जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं तेही 2016 सालीच. कोळशाच्या राखेत युरेनियम-थोरियमचा अंश असतो; दीपनगरच्या वीजकेंद्राची राख आम्ही वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकतो आणि कपडे घड्या घालून ठेवतो.

आमच्याकडे मेसेज पोचत नाही असं म्हणू नका. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पोचला होता: मुलं पळवणारी टोळी फिरतेय. पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. गुजरात सीमेजवळच्या पाड्यात खोटं इतक्या लवकर जातं आणि त्याच सीमेपलीकडची खरी गळती दोन ओळींच्या सरकारी निवेदनात संपते. मग माणसं साडेबाराच्या किरणांवर विश्वास ठेवतात. तिथे निदान काय करायचं ते तरी लिहिलेलं असतं.

प्लांटबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा 16 किलोमीटरच्या वर्तुळात आखतात. म्हणजे आपण सुटलो. आता तिथे 700 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या चालू झाल्यात, वर्तुळ तेवढंच. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गाडी उशिरा असल्याचं तिथे चार भाषांत सांगतात.