बदलीवाल्यांचे नाना

रत्नागिरीत नवा साहेब बदलून आला की पहिल्याच रविवारी नाना त्याच्या दारात हजर. पायांत रबरी चपला, बगलेत छत्री, छत्री वैशाखातसुद्धा. साहेबांना भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं असतं, बाईसाहेबांना आंब्याच्या पेटीचा भाव हवा असतो. "आंबा कुठे पळून जात नाही हो," असं म्हणत नाना दोघांना टिळक आळीत नेऊन उभं करतात.

टिळकांच्या जन्मघरात माणसं आपसूक हलक्या आवाजात बोलतात. नाना नाही. "१८५६ साली इथे जन्म. आणि दहाव्या वर्षी? वडिलांची बदली, पुण्याला!" 'बदली' म्हणताना नजर साहेबांवर. "त्याच १८६६ साली मालगुंडास केशवसुत जन्मले. एक गेला, दुसरा हजर. चार्ज दिल्याघेतल्यासारखं!" केशवसुतही पुढे बाहेरच पडले, १९०५ मध्ये हुबळीला वारले. नाना ते रजेत धरतात.

नानांच्या इतिहासाची खाती दोनच. इथे जन्मून बाहेर गेलेले, आणि सरकारने शिक्षा म्हणून इथे धाडलेले. पहिल्यांवर राग, दुसऱ्यांवर जीव. (नानांचा मुलगा पुण्यात असतो. तो पहिल्या खात्यात.)

साहजिकच थिबा राजवाड्यात नाना खुलतात. अर्धगोल खिडक्या, त्यांचं कोरीव काम हे सगळं साहेबांनी आपलं आपण बघायचं. नानांना सांगायचं असतं निराळंच. "ब्रह्मदेशचा राजा! १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवला. वाडा पुरा झाला कधी? १९१० साली. चोवीस वर्षं राजा क्वार्टरची वाट बघत होता, आणि तुम्ही म्हणता बंगल्यास ओल येते!" १९१६ साली राजा इथेच वारला, हे सांगताना त्यांचा गळा दाटतो. तीस वर्षं टिकलेला पाहुणा काय रोज मिळतो?

पतितपावन मंदिरात मात्र ते छत्री कोपऱ्यात ठेवतात, थट्टाही. १९३१ सालचं हे देऊळ सगळ्या जातींना खुलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा, ध्यास सावरकरांचा. नाना हे सरळ, एकाही टोमण्याशिवाय सांगतात, आणि त्यांचं ऐकावंसं वाटतं ते इथेच. भागोजीशेठनी पैसा मुंबईत मिळवला, म्हणजे तेही बाहेरचेच की, असं साहेबांनी सुचवून पाहिलं. "इकडे पाठवला ना? मग माफ!"

दुपारचा एक वाजलेला. बाईसाहेब सावली धरून बसल्या. साहेबांनी घाम टिपला आणि सकाळपासून पोटात असलेला प्रश्न शेवटी काढला.

"नाना, इथून बदली साधारण किती वर्षांत होते?"

नानांनी छत्री उचलली.

"घाबरू नका. १९२४ साली सावरकरांना इथे स्थानबद्ध केलं. तेरा वर्षांत सुटले."