भिंतीला ऊब

मुक्ताईनगरात घराला ‘उबदार’ रंग द्यायचा, ही कल्पना पुण्यात राहणाऱ्यालाच सुचू शकते. आमच्या मुलीला सुचली. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि कूलरपुढच्या जागेवरून सख्ख्या भावांत अबोला होतो, अशा गावात ती फोनवर म्हणाली, “बाबा, हॉलला वॉर्म सँड बेज द्या.” आबा खाटेवरूनच बोलले, “आपल्याले ऊब कायले पाह्यजे रे भो? हाये तिचंच काय करावं समजत नही.”

शिवाय ‘वाळू’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात जपूनच उच्चारतात. गिरणा नदीच्या वाळूवरून इतकं रामायण झालंय, की घरात वाळू आलीय म्हटलं की शेजारी आधी पावती विचारतो.

दुकानात शेडकार्ड उघडलं. त्यातले दोन रंग वेगळे आहेत हे कळायला दुकानदारालाही खालचा नंबर वाचावा लागत होता. खरी मेख पुढेच आहे. बेज कधी एकटा येत नाही; पोटात गुलाबी, पिवळा नाहीतर हिरवा लपवून येतो. कार्डावर गरीब दिसतो. भिंतीवर चढला, की चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो चांगलाच गडद होतो. पश्चिमेचं ऊन आलं की केशरी, ट्यूबलाइट लागली की मलूल. म्हणून शहाणी माणसं आधी छोटी डबी घेऊन नमुना मारून बघतात.

दुकानातल्या जुन्या पत्र्यावर रंगाच्या जाहिरातीतला, ब्रश धरलेला गट्टू होता. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेलं ते पोर ओळखीचं निघाल्याने आबांना जरा धीर आला. तो धीर रंग कालवायच्या मशीनपाशी संपला. पांढऱ्या बेसच्या डब्यात पिवळ्या, तांबड्या, काळ्या रंगाचे थेंब पडत होते आणि आबा वाकून मोजत होते. “ही पिवडी, हा गेरू, अन् ही काजळी. मंग पैसे कशाचे?” गावाचं नाव एदलाबाद होतं तेव्हा चुन्यात पिवडी घालायची की नीळ, एवढाच प्रश्न असे, आणि तो आजी कोणाला न विचारता सोडवत असे.

हॉलच्या भिंतीवर नमुन्याचे चौकोन मारले. शेजारच्या काकू डोकावल्या. “पुट्टी छान बसली हो. आता रंग कोनता देनार?” त्यानंतर काही दिवस हिचं त्यांच्याशी बोलणं कामापुरतंच होतं. पेंटर म्हणाला, “दोन हात मारले की खुलतो.” सगळेच पेंटर असं म्हणतात, नाही खुलला तर तिसऱ्या हाताची मजुरी वेगळी.

आबांचा हिशोब निराळा. खाटेमागे डोक्याच्या तेलाचं वर्तुळ, कूलरखाली बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ, आणि दाराजवळ, मळ्यातून आलेला माणूस जिथे हात टेकून चपला काढतो तिथे, केळीचा चीक. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते ते चिकालाही द्यायला हवं होतं. घड कापताना पाण्यासारखा दिसतो, सुकला की काळपट होतो. मग सदरा फाटतो, डाग जात नाही.

एका सकाळी आबांनी मळ्यातून केळीचा ताजा दांडा आणला आणि प्रत्येक चौकोनावर एकेक पट्टा ओढला. हिने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी सगळं घर पाहणीला उभं. मोतिया रंगावर डाग ओट्यावरून दिसत होता. गुलाबी झाकेवर तर घरात गुन्हा घडल्यासारखं वाटत होतं. पिवडी जास्त असलेल्या वाळूरंगावर मात्र आबांना चष्मा लावून डाग शोधावा लागला.

“हाच,” आबा म्हणाले.

मुलीने मागितलेला नंबर तोच होता. तिला फोटो पाठवला, तर म्हणाली, “आबांची टेस्ट काय भारी आहे!” आबांनी ते मान डोलवून स्वीकारलं.

पेंटरने विचारलं, “अन् छताले?”

“छताले कोन टेकतं? पांढरा मार.”