बुडबुडामीमांसा

इंदुरातले आजचे विज्ञान महाविद्यालय निघाले 1891 साली, शिवाजीराव होळकरांच्या कारकिर्दीत. तेव्हापासून शहराने कांद्याच्या पापुद्र्यांच्या किती स्लाइड केल्या असतील, कोण जाणे! तरीही सूक्ष्मदर्शकाखाली विद्यार्थ्याला सर्वांत आधी काय दिसते, याचा विचार झालेला नाही. पूर्वपक्ष म्हणतो, पेशी. आमचे मत : हवेचा बुडबुडा.

लक्षण : बुडबुडा वाटोळा, मध्ये लख्ख, कडेला काळाकुट्ट. पाण्यातून हवेत शिरताना कडेचा प्रकाश वळून भलतीकडे जातो, भिंगात येत नाही. म्हणून ती काळी कड. पेशी लांबट, एकीला एक लागून, सॅफ्रनिनने गुलाबी.

उत्पत्ती : कव्हरस्लिप सुईवर तिरपी टेकवून हळूहळू खाली सोडावी, हे शास्त्र. इंदुरी हात ती पोह्यांवर शेव टाकावी तशी टाकतो. हवा आत अडकते.

भेद : आयपीस फिरवल्यावर जो फिरतो, तो आयपीसवरचा कचरा. स्लाइड सरकवून हलत नाही, पण डोळा मिचकावल्यावर हलते, ती स्वतःची पापणी. स्लाइडबरोबर सरकतो, तो बुडबुडा. हाय पॉवरवर तो 450 पट होतो आणि नुसती कडच दिसते. तिला बाण काढून 'पेशीभित्तिका' म्हणण्याचा प्रघात आहे.

प्रमाण : "भिया, क्या दिखा?" "गोला." इतक्यात सर येतात. "सेल दिखी?" "हां सर!" अशा रीतीने शब्दप्रमाण प्रत्यक्षावर मात करते आणि जर्नलात पुस्तकातली आकृती उतरते, केंद्रकासकट.

आक्षेप : नुसत्या हवेला जीवशास्त्रात काय स्थान?
उत्तर : 1665 मध्ये रॉबर्ट हुकने बुचाचा काप पाहून 'सेल' हे नाव दिले. त्या पेशी मेलेल्या. आत होती ती हवाच. केंद्रक त्याला दिसले नाही, म्हणून त्याने काढले नाही.

सिद्धान्त : बुडबुडा पाहून बुडबुडाच काढणारा विद्यार्थी हुकच्या घराण्यातला, न दिसलेले केंद्रक काढणारा गाइडच्या. तथापि परीक्षक बाहेरून येणार असल्यास केंद्रक अवश्य काढावे. सिद्धान्ताला प्रॅक्टिकलमध्ये गुण नाहीत.