उन्हाचं भाडं

अकोल्याच्या माणसाला ऊन विकायला जाऊ नये. तोर्रेमोलिनोसच्या किनाऱ्यावर लांब खुर्च्या भाड्याने देणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने आमच्या मामांना दोन खुर्च्या दाखवल्या, मधली गवताची छत्री दाखवली आणि बोटांवर युरो मोजले.

"हे सावलीचे का उनाचे?" मामांनी मला विचारलं.

मी चौकशी करून सांगितलं, दोन्हीचे मिळून.

मामांनी किनाऱ्यावरून नजर फिरवली. शेकडो गोरी माणसं छत्री सोडून तिच्या बाहेर पालथी पडली होती. "मंग सावलीचे पैसे भरून हे लोकं उनात काहून पडले बाप्पा?"

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो अशा गावात त्यांचा जन्म गेला. ऊन ही चुकवायची गोष्ट, हे त्यांना मुंजीच्या आधीपासून ठाऊक. सहलीच्या पत्रकात 'बारा महिने लख्ख ऊन' असं वाचलेलं असल्यामुळे मामींनी पोचल्या पोचल्या सुपरमार्केटातून कांदा आणून त्यांच्या खिशात घातला. प्रत्यक्षात सप्टेंबरअखेरचा पारा पंचवीस-सव्वीसच्या आसपास रेंगाळत होता. त्यामुळे डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात उन्हाळ्याचा कांदा आणि अंगात हिवाळ्याचा स्वेटर अशा थाटात मामा भूमध्य समुद्राकडे पाहत उभे राहिले. दोन जर्मन बायकांनी उठून त्यांचा फोटो काढला.

स्पेनच्या दक्षिणेचा हा कोस्ता देल सोल पूर्वी कोळ्यांचा होता. तोर्रेमोलिनोसला १९५९ साली 'पेझ एस्पादा' हे आलिशान हॉटेल उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडची, अर्धं आयुष्य ढगाखाली काढणारी माणसं विमानं भरभरून इथे उतरू लागली. धंदा म्हणून पाहिलं तर मासळीपेक्षा ऊन केव्हाही बरं. ते नासत नाही आणि त्यासाठी पहाटे होडी काढावी लागत नाही. फ्रँक सिनात्रा १९६४ साली ह्याच हॉटेलात उतरला आणि भांडण होऊन प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. मी हे सांगितल्यावर मामा एवढंच म्हणाले, "टोपी घातली नसंन."

मार्बेयाबद्दल फार लिहीत नाही. १९५४ साली आल्फोन्सो होहेनलोहे ह्या राजपुत्राने तिथे हॉटेल काढलं, त्याच्यामागून श्रीमंत आले, श्रीमंतांच्या मागून त्यांच्या बोटी आल्या. आम्ही कॉफीचा दर वाचला आणि मागे फिरलो.

खरा पेच होता जेवणाचा. मामा संध्याकाळी सातला जेवतात आणि नऊला झोपतात. इथली स्वयंपाकघरं दुपारी चारच्या सुमारास बंद होतात, ती रात्री आठ-साडेआठला उघडतात, आणि तेव्हाही आत आमच्याशिवाय कुणी नसतं. गावची माणसं दहाला येतात, कडेवर जागी पोरं घेऊन. त्यातून मामा-मामी दोघेही माळकरी. 'मांस नको' असं मी पाठ केलेल्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, की सॅलडवर टूना मासा येई, कारण मासा म्हणजे मांस नव्हे हे वेटरला बंगाल्याइतकंच मान्य होतं.

मी मात्र किनाऱ्यावर सार्डिन खाऊन घेतले. जुन्या होडीत वाळू भरून तीत जाळ करतात आणि बोरूच्या काडीत ओळीने ओवलेले मासे जाळाशेजारी तिरपे खोचतात. बारावा आल्फोन्सो राजा १८८५ मध्ये, भूकंपानंतरच्या दौऱ्यावर इथे आला, तेव्हा तो काट्या-सुरीने मासा उकलू लागला आणि भट्टीवाल्याने त्याला सांगितलं, महाराज, बोटांनी; अशी गोष्ट सांगतात. आम्हाला असं शिकवायची वेळ कुणावर आली नाही.

नेर्खाला त्याच राजाचा पुतळा कठड्याला टेकून समुद्राकडे पाहत उभा आहे. तिथल्या बाजारात आंबे मिळाले. ह्या पट्ट्यात आता आंब्याच्या आणि अॅव्होकाडोच्या बागा आहेत, आणि आंबा येतो शरदात. आकाराने थोर, रंगाने जांभळट, चवीला सभ्य. मामींनी फोड तोंडात टाकली आणि परदेशात कुणाचं मन मोडू नये म्हणून विक्रेत्याकडे पाहून हसल्या.

नेर्खाच्या डोक्यावर, डोंगरात, फ्रिखिलियाना आहे. खाली सगळी बांधकामं उन्हाकडे तोंड करून, गच्च्या पसरून बसलेली. इथे घरांनी उन्हाकडे सरळ पाठ फिरवलेली. भिंतींना चुना, खिडक्या बेताच्या, गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन आत शिरलं तरी जमिनीपर्यंत पोचायच्या आत दुपार कलते. मामांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. "हे शहाणे लोक," ते म्हणाले.

आणि इथेच मामींना जेवण मिळालं. वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप, वर काळसर, दाट धार. मामींनी बोट लावून चाटलं आणि ताडकन म्हणाल्या, "काकवी हाये ही!" होतीच. अरबांनी ह्या किनाऱ्यावर ऊस आणला आणि ह्या गावात जुन्या वाड्यासारख्या इमारतीत अजूनही उसाची काकवी काढतात. युरोपात असा हा एकच कारखाना उरलाय, असं गावकरी अभिमानाने सांगतात. मामींनी दोन बश्या संपवल्या आणि भाकरीची चौकशी केली.

मग गाडी आल्पुखाराकडे वळवली. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर, पोकेइराच्या घळीत पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा अशी तीन गावं एकावर एक आहेत. रस्ता असा की मामींचा अर्धा हरिपाठ पांपानेइराच्या अलीकडेच झाला. बुबियोनच्या एका कुटुंबात १९८५ साली जन्मलेलं एक बाळ तिबेटी लामांनी आपल्या गुरूचा अवतार म्हणून ओळखलं आणि पुढे तो मुलगा कर्नाटकातल्या मठात शिकायला गेला, हे मी वळणावर सांगितलं. "रस्त्याकडं पाहा," मामी म्हणाल्या.

कापिलेइराला उतरल्यावर मामा घर बघायच्या ऐवजी छप्पर बघू लागले. चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी फरश्या, त्यावर 'लाउना' ही करडी माती अंथरून चोपलेली. सपाट धाबं! उत्तर आफ्रिकेतल्या अॅटलास पर्वतातही अशीच घरं आहेत. "आमच्या आजोबाच्या घराले असंच धाबं होतं," मामा म्हणाले, आणि आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीची परवानगी न घेता वर चढून टाच आपटून आले.

पण सहलीचं खरं वाटोळं पाण्याने केलं. गावाबाहेर डोंगराच्या कडेने एक पाट झुळझुळत होता. अरबांच्या काळापासूनचे हे पाट. वितळलेलं बर्फ त्यांतून येतं. त्यातले वरचे पाट पाणी मुद्दाम उतारावर सोडून देतात, ते डोंगरात मुरतं आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना फुटतं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामा पाटाच्या काठावर मटकन बसले. "पाणी अडवा, पाणी जिरवा! आपण पोस्टरं छापली व, ह्यांनी करून ठेवलं."

मुस्लिम वंशाच्या मोरिस्को लोकांनी १५६८ साली ह्याच डोंगरात बंड केलं. ते मोडल्यावर त्यांना इथून हाकललं आणि उत्तरेकडची कुटुंबं आणून वसवली. पण पाणी कसं खेळवायचं हे नव्यांना शिकवायला गावागावात जुनी दोन-दोन घरं ठेवून घेतली, असं सांगतात. मामांना ह्यात नवल वाटलं नाही. "पूर्ण खातं बरखास्त करा," ते म्हणाले, "पण पाटकरी ठेवाच लागते."

तेवढ्यात खांद्यावर फावडं टाकून एक म्हातारबुवा आले आणि पाटावरची लोखंडी झडप बघू लागले. ते स्पॅनिशमध्ये बोलत होते, मामा वऱ्हाडीत. म्हातारबुवांनी वरच्या शेताकडे हात केला आणि मूठ वळून दाखवली.

"वरचे चोरतात म्हणते," मामा म्हणाले. "टेलवाल्याले कुठंच पाणी भेटत नाही."

पुढचा पाऊण तास दोघे उकिडवे बसून काटकीने मातीत आकृत्या काढत होते. मामांनी झडपेला लावलेलं चिंध्यांचं बूच काढून नव्याने बसवून दिलं. मामींनी आणि बायकोने तोवर ब्लँकेटांची सगळी दुकानं पाहून घेतली. निघताना म्हातारबुवांनी मनगटावर बोट ठेवून नऊ बोटं दाखवली.

"मामा, उद्या साडेनऊला अलहंब्राच्या राजवाड्याची तिकिटं आहेत," मी म्हणालो. "वेळ छापलेली असते. चुकली की आत सोडत नाहीत."

"राजवाडा शेकडो वर्षं तिथंच हाये, जावईबापू. ह्याची पाळी नऊला सुरू होते. मंग वरच्याची."

"पैसेही परत मिळत नाहीत."

"मंग तुम्ही दोघं जाऊन या. अन् राजवाड्यात पाणी कोणत्या पाटानं आणलं, तेवढं नीट पाहून या," मामा म्हणाले, आणि फावडं उसनं मिळतं का ते विचारायला मालकिणीकडे गेले.