साडूंचा पठाण

माणूस निवृत्त झाला की बागेला लागतो, नाहीतर भजनाला. आमचे साडू रेल्वेतून निवृत्त झाले आणि शिडाच्या होडीला लागले. कुठेतरी पाच दिवसांचा वर्ग करून आले आणि ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ताईंना ‘जरा वाऱ्याच्या अंगाला सरक’ असं सांगू लागले. ताई म्हणजे माझी मोठी मेव्हणी. त्या म्हणाल्या, ‘वाऱ्याच्या अंगाला पंखा आहे आणि खाली मी केर काढतेय. तुम्हीच सरका.’

होडी जुनी घ्यायची, गाडीमागे ट्रेलरवर ओढत न्यायची आणि पाणी दिसेल तिथे सोडायची, असा बेत होता. होडीचं ठरलं, पैशांचं ठरलं, अडलं ते कीलवर. आम्ही दोघं एकमेकांना साडूच म्हणतो. रात्री साडेदहाला फोन आला.

‘साडू, कील कुठली घेऊ?’

मी जन्माचा डोंबिवलीकर. ‘कुठलीही घ्या, पण पार्किंगची सोय बघून घ्या,’ एवढंच बोललो. या एका वाक्यात सगळं उत्तर होतं, हे आम्हा दोघांना पुढे पाच महिन्यांनी कळलं.

कील म्हणजे होडीच्या पोटाखाली पाण्यात उतरलेलं उभं पातं. डोंबिवलीकराला ती समजायला पाच दिवसांचा वर्ग लागत नाही, सकाळची लोकल पुरते. डब्यात शिरलं की गर्दी तुम्हाला आडवं ढकलते. मधला खांब घट्ट धरलात तर आडवं जाता येत नाही, आणि तोच रेटा तुम्हाला हळूहळू आत सरकवतो. खांब सुटला की त्याच गर्दीबरोबर तुम्ही दिव्याला उतरता, उतरायचं असो वा नसो. गर्दी हा वारा, तुम्ही होडी आणि खांब ही कील. शिवाय कील जड असेल तर होडी सहजी उलटत नाही. हे दुसरं काम लोकलमध्ये दारातले काका करतात.

तर पाण्याची खोली मोजायला एका रविवारी सकाळी साडू मांकोलीच्या पुलावरून डोंबिवलीत आले. २०२४ मध्ये हा पूल सुरू झाल्यापासून ठाण्याचे नातेवाईक न कळवता येऊ लागले आहेत. गाडीच्या खिडकीतून आठ फुटांची एक काठी बाहेर आली होती. तिच्यावर दर फुटाला लाल रंगाची रेघ.

‘ही गुढीची काठी ना हो?’ आमच्या हिने विचारलं.

‘पाडव्याला अजून वेळ आहे,’ साडू म्हणाले.

‘आणि हे नेलपॉलिश ताईचं ना?’

साडूंनी गाडी सुरू केली.

मोठागावच्या रेतीबंदरावर पोचेस्तोवर अकरा वाजले. पाणी उतरत होतं. काठावर एक म्हातारबाबा पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून जाळ्याला गाठी मारत होते. काठी घेतलेले दोन पांढरपेशे बघून त्यांनी विचारलं, ‘काय बघताव?’

‘खोली बघतोय,’ साडू म्हणाले.

‘भाड्यानी का इकत?’

डोंबिवली पश्चिमेला या प्रश्नात चुकीचं काही नाही. मग साडूंनी सगळी हकिगत सांगितली. बाबांनी ती ऐकून घेतली, जाळं बाजूला ठेवलं आणि मुद्द्याला हात घातला. ‘पठान किती तुमचा?’

‘छे छे, कर्ज नाही काढलं. फंडाच्या पैशांतूनच.’

बाबांनी शेजारच्या होडीच्या पालथ्या पाठीवर थाप मारली. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक जाड, काळं पडलेलं लाकूड गेलं होतं. ‘ह्यो पठान. ह्यो मोडला त होडी मोडली.’

पाच दिवसांच्या वर्गात दर मिनिटाला ‘कील’ ऐकून आलेल्या साडूंना हा शब्द कुणी सांगितलाच नव्हता. सावकारी पठाणाला घाबरून अनेक घरं खाली बसली असतील, पण या पठाणावर अख्खी होडी उभी राहते. त्या लाकडाची खाली आलेली जाडी चार बोटंसुद्धा नव्हती. मी बोटं लावून बघितली.

मग साडू काठी घेऊन पाण्यात उतरले. काठी तीन फूट पाण्यात गेली आणि पुढे आणखी दोन फूट गेली. साडूंनी हात सोडला तरी ती उभीच राहिली. पाणी कुठे संपलं आणि चिखल कुठे सुरू झाला, हे नेलपॉलिशला सांगता येईना. चार पावलांवर बाबांनी ओरडून थांबवलं, कारण पुढे रेती उपसल्याचे खड्डे. इथे डुबी लावून वर्षानुवर्षं रेती काढली, त्यामुळे तळाचा काही नेम नाही. घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकावं तर माणूस गडप.

साडू थांबले, आणि थांबल्या जागी रुतायला लागले. तशाही अवस्थेत त्यांनी शिकवणं सोडलं नाही. ‘बघा साडू, आता मी दोन पायांवर सरळ उभा आहे की नाही? याला जुळी कील म्हणतात. इंग्लंडात ओहोटीला ज्या बंदरांतलं पाणी पार आटतं, तिथे ही फार वापरतात. पाणी गेलं की होडी दोन पायांवर उभी, कलंडायची भीती नाही.’

‘मग हीच घ्या.’

साडूंनी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय आला, सँडल आली नाही. डावा पाय तेवढाच आणखी खाली गेला. तिकडच्या कठीण तळावर ही कील राणीसारखी उभी राहत असेल, आपल्या खाडीचा चिखल मात्र धरलेली वस्तू सोडत नाही. बाबांनी होडीतली फळी टाकली आणि तिच्यावरून साडूंना काठावर घेतलं. ती सँडल अजून मोठागावात आहे.

‘आज अष्टमी. भांगेचा पानी,’ बाबा म्हणाले. ‘उधानाला या.’ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची भरती मोठी ती उधाणाची, अष्टमीची मरतुकडी ती भांगेची. आणि भरतीची वेळ काढायला यांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. आज आठ, म्हणजे सहाला भरती होऊन गेलेली. ही झाली मुंबईची वेळ. खाडीतून इतक्या आत भरती मागाहून पोचते, इथल्या बाकी सगळ्यासारखीच.

तिथून, एका पायात सँडल घालून, साडू कल्याणला दुर्गाडी किल्ल्यावर चढले. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतलं आणि याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला काढली. त्या कामावर रुय लैताव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसं होती. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कान भरले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. घराचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार गायब होण्याची कल्याण पट्ट्यातली परंपरा किती जुनी आहे, ते बघा. तरी जहाजं झाली. मराठ्यांची गलबतं उथळ तळाची, वल्ह्यांवरही चालणारी. युरोपियनांची खोल तळाची मोठी जहाजं खाडीच्या तोंडाशी थबकत आणि ही आत पसार होत. खाली, खाडीकाठी, नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका आणून ठेवली आहे. तीही उथळ पाण्यात गस्त घालायला बांधलेली.

‘साडेतीनशे वर्षांपूर्वी निकाल लागलाय साडू,’ मी म्हणालो, ‘आणि तुम्ही काठी घेऊन फिरताय.’

साडूंच्या मनात मात्र अमेरिकन कॅटालिना २२ भरली होती. १९६९ मध्ये आलेली, बावीस फुटी, आत झोपायला जागा. हिच्या एका प्रकारात झुलती कील असते. वर घेतली की दोन फूट पाण्यात भागतं, खाली सोडली की पाच फूट लागतं. ऐकायला सोन्यासारखं. पण ते अडीचशे किलोंच्या आसपासचं लोखंड एका खिळ्यावर लटकतं आणि एका तारेने वरखाली होतं. जुनी होडी घेताना रंग बघायचा नाही. तो खिळा किती झिजलाय आणि तार किती गंजलीय ते बघायचं. शिवाय सगळी मिळून टनभराची होडी साडूंची छोटी गाडी ओढणार कशी, हा प्रश्न ताईंनी विचारला होता आणि तो अनुत्तरित होता.

परतताना तो प्रश्न मी नव्याने काढला. शीळ रस्त्याने निघालो होतो. पहिल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. साडू गप्प झाले. दुसऱ्यावर पुन्हा घासलं. तिसऱ्यापाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, काठी काढली आणि गतिरोधकाची उंची मोजली. मागून हॉर्नांचा कल्लोळ. एका रिक्षावाल्याने, महापालिकेचे का, म्हणून विचारलं. साडू म्हणाले, नाही, आरमाराचे.

पण त्या मोजणीने सगळं पालटलं. साडेतीन-चार फुटांची स्थिर कील ट्रेलरवर चढवली की होडी पहिल्या मजल्यावर जाते. ती उतरवायला एकतर क्रेन हवी, नाहीतर खोल पाण्यात जाणारा लांबलचक उतार. समुद्रावर ही कील उत्तम. वाऱ्याला चिकटून चालते, कलंडली तरी सावरते. मात्र तिला ठाण्याहून समुद्रापर्यंत न्यायचं म्हणजे वाटेत किती कमानी, किती तारा आणि किती गणपती मंडळांचे मांडव! होडी वर्षातले बारा-पंधरा दिवस पाण्यात आणि उरलेले रस्त्यावर किंवा सोसायटीत राहणार. मग कील पाण्यासाठी निवडायची की सोसायटीसाठी?

ठाण्यात पोचून मिसळ खाल्ली. हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तिखटाने बाकीचं आठवत नाही. मासुंदा तलावात लोक पायाने मारायच्या होड्या चालवत होते. त्यांना कसलीही कील नव्हती आणि कसलीही चिंता नव्हती. खाडीच्या बाजूला २०१५ पासून अभयारण्य आहे. तिथे फ्लेमिंगो चिखलात एका पायावर तासन्‌तास उभे असतात. एका पायावरच्या कीलचं एवढं यशस्वी उदाहरण दुसरं नाही, पण त्यांना रुतलं की उडता येतं.

शेवटी साडूंनी घेतली ती एंटरप्राइज. जॅक होल्ट या इंग्रजाने १९५६ मध्ये आखलेली, सव्वातेरा फुटी, दोघांनी चालवायची, अंगाने नव्वदेक किलो. हिला जड कील नाहीच. मधोमध एका फटीत खिळ्यावर फिरणारं लाकडी पातं असतं. तळ लागला की ते आपोआप मागे झुलून वर येतं. लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीत असतं तसं सुरीसारखं सरळ खुपसायचं पातं असतं, तर तळ लागताच होडी थबकली असती आणि साडू पुढे गेले असते. तोटेही आहेत. पात्याची पेटी होडीच्या मधोमध बसते, त्यामुळे बसायला माणसांनी अंग चोरायचं. फटीत चिखल-खडी अडकते. आणि तळाशी वजन नसल्यामुळे होडी सहज उलटते, तेव्हा जाकीट अंगात हवंच. जुने खलाशी वजनासाठी तळाला दगड भरत, त्याला नीरम म्हणत. इथे नीरम म्हणजे साडू, ब्याण्णव किलो, हवं तेव्हा एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकणारं.

सोसायटीत दुचाकींच्या शेवटच्या दोन जागा जोडून ट्रेलर बसला. सभेच्या इतिवृत्तात ‘वाहन: होडी, चाके: दोन’ अशी नोंद झाली. वॉचमन पहिले चार दिवस तिच्याकडे पाठ करून बसायचा.

होडी सोडायला साडूंनी पाडवा निवडला. साडेतीन मुहूर्तांतला एक, वर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचं उधाण. प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती, अधिक मोठागावपर्यंतचा उशीर. सगळं गणित जमलं. एकच राहिलं होतं. खोली मोजायची काठी ताईंच्या गॅलरीत, वर तांब्या, हिरवी पैठणी आणि साखरेची गाठी लेवून उभी होती. पैठणीच्या काठाखालून नेलपॉलिशच्या तीन रेघा दिसत होत्या.

‘संध्याकाळी उतरवल्यावर न्या,’ ताई म्हणाल्या.

भरती थांबणार नव्हती आणि ताई तर त्याहून नाही. तसेच गेलो. बाबा काठावर होते. त्यांनी एंटरप्राइजच्या पोटाखाली वाकून बघितलं, पातं हाताने वरखाली केलं आणि म्हणाले, ‘पठान लपवलाव!’

वारा बेताचा होता. मी पुढे, साडू सुकाणूवर. पन्नासेक हात सुखाने गेलो आणि पायाखाली खर्र खर्र झालं. पात्याचं टोक चिखलाला लागलं, पातं मागे सरकलं, वरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागून अर्धा उभा राहिला. होडी मात्र थांबली नाही.

साडूंनी दांड्याकडे बघितलं आणि तिथूनच ओरडून आकडा सांगितला, ‘अडीच फूट! लिहा!’

वही ओली झाली होती. मी तळहातावर लिहून घेतलं.